सक्तीची लष्करभरती आणि युद्धकाळात जवानांना साथ : बेळगाव सीमाभागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या गावांत ते चार दिवस कसे गेले, हे ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर होता त्यांनाच ठाऊक. रजेवर आलेल्या जवानांना युनिटमधून बोलावणं आलं. कुणी पेरणीपूर्व मशागत अर्धी टाकून निघालं, कुणी बारशाच्या आदल्या दिवशी. याच दिवसांत ‘आता घरटी एक मुलगा घेणार म्हणे’ अशी कुजबुजही सुरू झाली. तेव्हा आणि त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लिहिणारा फौजी घरातला आहे. त्यामुळे माहितीबरोबर मतंही येतील, आणि ती झाकून ठेवलेली नाहीत.

युद्ध पेटलं तर सरकार आमच्या मुलाला जबरदस्तीनं सैन्यात नेऊ शकतं का?

सामान्य तरुणाला सैन्यात ओढून नेणारा कोणताही कायदा आज देशात नाही. फौजेत जाणारा प्रत्येक जण स्वतः अर्ज करतो, परीक्षा देतो, ग्राऊंड मारतो आणि मगच जातो. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ चं कारगिल, यांतल्या एकाही युद्धात नागरिकांची सक्तीची भरती झाली नाही.

घटनेनं दार पूर्ण बंद केलेलं नाही, हेही सांगायला हवं. कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारला देतो. अट अशी की धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करायचा नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं कलम ५१-क आलं. त्यात देशाचं रक्षण करणं आणि हाक आल्यावर राष्ट्रसेवा करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. मात्र या कर्तव्याच्या जोरावर कुणी तुमच्या दारात येऊ शकत नाही. सक्ती आणायची तर संसदेत कायदा व्हावा लागेल, त्यावर चर्चा होईल, मतदान होईल. मोबाईलवर फिरणाऱ्या एका पत्रकानं ते होत नसतं.

मग मे २०२५ मध्ये टेरिटोरियल आर्मीला बोलावण्याचा आदेश निघाला होता, तो काय होता?

कुजबुज त्याच आदेशावरून उठली. टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना. तिचा कायदा १९४८ चा, आणि ती उभी राहिली ९ ऑक्टोबर १९४९ रोजी. आपापला नोकरीधंदा सांभाळून वर्षातले काही दिवस गणवेश चढवणारी माणसं तिच्यात असतात. संरक्षण मंत्रालयानं या सेनेतल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना गरजेप्रमाणे सेवेवर बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला होता. प्रादेशिक सेनेच्या ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ त्यासाठी धरल्या होत्या. ज्यांनी आधीच स्वतःहून त्यात नाव घातलं आहे त्यांच्यापुरताच हा आदेश होता. कॉलेजात शिकणाऱ्या पोराचा किंवा शेत कसणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आमचे पणजोबा म्हणे ‘बसऱ्याला धरून नेले’ होते. मग सक्ती नव्हती असं कसं म्हणता?

कागदावर नव्हती. ब्रिटननं स्वतःच्या लोकांवर जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा लादला. १९१७ साली हिंदुस्थानात संरक्षण दलाचा कायदा आला, तेव्हा सक्ती झाली ती इथे राहणाऱ्या युरोपियन पुरुषांवर. हिंदी माणसाची भरती शेवटपर्यंत ‘स्वेच्छेची’ राहिली. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख आणि दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या आसपास माणसं अशी ‘स्वेच्छेनं’ गेली.

ही स्वेच्छा किती खरी होती, हा प्रश्न उरतोच. पंजाबात १९१७-१८ मध्ये गावागणिक आकडे ठरवून माणसं गोळा केली गेली, त्यावरून दंगेही झाले. इतरत्रही मामलेदार गावात आला, पाटलानं घराकडे बोट दाखवलं, सावकाराचं देणं डोक्यावर आहे आणि पाऊस दोन वर्षं रुसलाय, अशा घरातला थोरला मुलगा अंगठा उठवून निघाला तर त्याच्या मागं राहिलेले लोक ‘धरून नेलं’ असंच म्हणणार. पणजोबांच्या बोलण्यात कायद्याच्या दृष्टीनं चूक असेल, अनुभवाच्या दृष्टीनं नाही.

बसऱ्याचं नाव घराघरांत उरलं त्याचं कारण मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली मोहीम. कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. रसद संपली. शेवटी खेचरं आणि घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी हजारो परत आले नाहीत.

त्याच एप्रिलमध्ये इकडे बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि टिळकांनी इथेच होमरूल लीग स्थापन केली. लोकांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे समजायला टिळकांची भूमिका फार उपयोगी पडते. लष्करात जाऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. जा, पण हिंदी माणसाला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला पाहिजे आणि देशाला स्वराज्य मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या मुंबईतल्या युद्धपरिषदेत ते हे बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं आणि ते सभा सोडून निघाले. पुढे त्यांनी गांधीजींना ५० हजारांचा धनादेश पाठवला. हिंदी लोकांना अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसं उभी करतो, नाही केली तर ही रक्कम गेली, अशी ती पैज होती. गांधीजींनी धनादेश परत केला. ते स्वतः त्या उन्हाळ्यात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते, तीही विनाअट. आणि ज्या गावांनी साऱ्याच्या सत्याग्रहात त्यांना बैलगाड्या फुकट दिल्या होत्या, तिथे आता भाड्यानंही गाडी मिळेना.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. गांधीजींवर जीव टाकणारी माणसंसुद्धा, मुलगा कुणाच्या युद्धात पाठवायचा हे स्वतः ठरवत होती.

आपल्या भागातून इतकी मुलं फौजेत का जातात?

पहिलं कारण डोळ्यांसमोर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची. त्याशिवाय सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, शहरात राष्ट्रीय मिलिटरी स्कूल, कमांडो प्रशिक्षण. पहाटे कॅम्पातून कवायतीचे आवाज ऐकत वाढलेल्या पोराला फौज परकी वाटत नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघा मराठा जवानांना इटलीच्या लढाईत, १९४४ आणि १९४५ साली, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची नावं इथल्या पोरांना कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीत.

दुसरं कारण जमिनीचं. भावाभावांत वाटण्या होऊन एकराचे गुंठे झालेत. खानापूरच्या पश्चिमेला भात एकदाच, बाकी जंगल. एकानं शेत बघायचं आणि एकानं मिलिटरीत जायचं, ही वाटणी कित्येक घरांत न बोलता ठरलेली असते.

तिसरं कारण फारसं उघड बोललं जात नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला कर्नाटकातल्या राज्य सरकारी नोकरीत कन्नडची अट आडवी येते, आणि पलीकडे महाराष्ट्रात गेला तर रहिवासाच्या दाखल्याची अडचण येऊ शकते. फौजेत यातलं काहीच विचारत नाहीत. तिथे सगळ्यांना हिंदी शिकावी लागते, त्यामुळे सगळे एका रेषेवरून धावायला लागतात. सीमाभागातल्या पोराला ही बरोबरी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मिळते.

आणि हे फक्त मराठ्यांचं नाही. लिंगायत, कुरुब, मुस्लिम, दलित, जैन, सगळ्या घरांतली मुलं आहेत. सियाचीनच्या बर्फाखाली सहा दिवस तग धरलेले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते गेले तेव्हा बेळगावातल्या मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सारखीच हळहळ होती.

‘सगळ्या पोरांना दोन वर्षं मिलिटरीत घाला, शिस्त लागेल’ असं चावडीवर नेहमी ऐकतो. हे लोकांचं खरं मत आहे का?

बोलायला सोपं मत आहे. पोरं मोबाईलमध्ये गुंतलेली, गुटखा खाणारी, धंद्याला न लागलेली दिसली की मोठ्यांच्या तोंडी ते येतंच. पण ज्या घरातून माणूस सीमेवर गेलाय, त्या घरात मी ही भाषा क्वचितच ऐकली आहे. वीस वर्षं नोकरी करून आलेल्या सुभेदारांना विचारून पाहा. मनाविरुद्ध आलेला माणूस शेजारच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, नको, असं बहुतेक जण सांगतील. गोळी सुटते तेव्हा जीव बाजूच्या माणसावर अवलंबून असतो.

आकडाही पाहा. भारतीय लष्करात सुमारे १२ लाख माणसं आहेत, आणि देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलंमुली अठरा वर्षांची होतात. यांना ठेवायचं कुठे, शिकवायचं कुणी, जेवू घालायचं कशातून? हा सगळा खर्च आणि सगळे उस्ताद पोरांना शिस्त लावण्यात गेले तर सीमेवर काय उरणार?

सक्तीचा छोटा प्रयोग आपण केला आहे. १९६२ च्या पराभवानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. पाच वर्षांत, १९६८ मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली.

शिस्तीसाठी फौज हवी असेल तर गावात तालीम आहे, एनसीसी आहे, प्रादेशिक सेना आहे. पोराला नालायक ठरवून त्याला शिक्षा म्हणून फौजेत धाडायचं म्हणजे, जे मन लावून तिथे उभे आहेत त्यांचा अपमान करणं आहे.

इतर देशांत काय पद्धत आहे?

इस्रायल, दक्षिण कोरिया, सिंगापूर, फिनलंड या देशांत सक्ती आहे. लोकसंख्या कमी आणि धोका दाराशी, असं त्यामागचं साधारण गणित. जर्मनीनं २०११ मध्ये सक्ती स्थगित केली, तर स्वीडननं २०१७ मध्ये ती पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला. रशियाच्या हल्ल्यांचं भय वाढलं तशी लिथुआनिया आणि लाटव्हिया या बाल्टिक देशांतही ती परतली.

युक्रेनकडे पाहिलं की लोकांचं मन कसं बदलतं ते कळतं. २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा भरती केंद्रांपुढे स्वतःहून रांगा लागल्या होत्या. युद्ध लांबलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये सक्तीनं बोलावण्याचं किमान वय २७ वरून २५ वर आणावं लागलं, त्यावर तिथे खूप वाद झाला. रशियानं सप्टेंबर २०२२ मध्ये ३ लाख राखीव माणसं बोलावल्याबरोबर लाखो लोक देश सोडून गेले. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धात सक्तीविरुद्ध रान पेटलं, १९७३ मध्ये ती संपली. आज तिथे अठराव्या वर्षी पुरुषांना नाव नोंदवावं लागतं, पण बोलावणं येत नाही.

युद्धाबद्दल किंवा सरकारच्या निर्णयाबद्दल शंका विचारली की ‘जवानांच्या विरोधात बोलतो’ म्हणतात. खरंच तसं असतं का?

नाही. हे मी ठामपणे लिहितो.

जवान आपल्या मर्जीनं युद्ध निवडत नाही. कुठे जायचं, किती दिवस राहायचं, कोणत्या हत्यारानं लढायचं हे दिल्लीत ठरतं. त्याच्या वतीनं प्रश्न विचारायची मुभा फक्त आपल्याला आहे, कारण घटनेच्या कलम ३३ नुसार संसद सैनिकांचे हक्क मर्यादित करू शकते आणि तसे ते केलेलेही आहेत. त्याला मोर्चा काढता येत नाही, वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. बर्फातले बूट कसे आहेत, बंकर कसा आहे, रजा का मिळाली नाही, हे आईबापानं आणि गावानं विचारलं नाही तर विचारणार कोण? १९६२ मध्ये हिमालयात उन्हाळी कपड्यांवर लढलेल्या जवानांची हकीकत संसदेत आणि बाहेर विचारली गेली, म्हणून संरक्षणमंत्री बदलले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण अभिमानानं म्हणतो, ते यशवंतराव दिल्लीला गेले त्या प्रश्न विचारण्यामुळेच.

याउलट काय होऊ नये याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना पाठवली, सुमारे बाराशे जवान तिथे गेले ते परत आलेच नाहीत. धोरण चुकलं होतं असं मानणारे पुष्कळ होते, आणि त्यांना तसं मानायचा अधिकार होता. पण मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. धोरणाचा राग हुकूम पाळणाऱ्या माणसावर काढला गेला. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्यांच्या वाट्यालाही असंच आलं. शंका असेल तर खासदाराला विचारा. बस स्टँडवर उतरणाऱ्या जवानाच्या हातातली बॅग मात्र घ्या.

युद्धाच्या दिवसांत आम्ही नेमकी काय मदत करायची?

सगळ्यात आधी जवानाच्या घरी जा. स्टेटस ठेवण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच सांगतो. मे २०२५ मध्ये एका घरी गेलो होतो. सोप्यात पलंगाखाली काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सासू टीव्ही बंद करू देत नव्हती आणि सून तो बघू शकत नव्हती. फोन दोन दिवस लागला नव्हता. त्यांना देशभक्तीचं भाषण नको होतं. गॅस संपला होता, आणि पॉवर टिलर कुणी देईना म्हणून रोहिणीच्या आधी करायचं भाताचं रान तसंच पडलं होतं. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी रान करून दिलं. मदत म्हणजे ही.

दुसरी मदत कागदाची, आणि आपल्या भागात ती सगळ्यात निकडीची. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या अधिकृत नोंदीत, ते लिहिलं जावं लागतं. ती राहिली, किंवा नाव चुकलं, की पुढे पेन्शन आणि विम्याला वर्षानुवर्षं खेटे. आपल्याकडे हा घोळ दुप्पट होतो. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड नि उतारा कन्नडमधून, आधार इंग्रजीत. एकाच बाईचं नाव एका ठिकाणी लक्ष्मी, दुसरीकडे लक्ष्मव्वा, माहेरचं आडनाव तिसरीकडे. सेवा-पुस्तकात चौथंच. गावात लिहितावाचता येणारा कुणी असेल त्यानं अशा घरातले सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत आणि जवान जिवंत, धडधाकट असतानाच दुरुस्ती करून घ्यावी. पेन्शन आता संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते. म्हाताऱ्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत भरून देणं हीसुद्धा सैनिकांना दिलेली साथच आहे.

पैसे द्यायचे असतील तर कुठे द्यावेत?

राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ पासून आहे. त्या वर्षी बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले होते. याला दिलेल्या रकमेवर जुन्या करपद्धतीत पूर्ण सूट मिळते. लढाईत मृत किंवा जखमी झालेल्यांच्या कुटुंबांसाठी संरक्षण मंत्रालयाचा वेगळा निधी आहे, आणि त्यासाठी ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ २०२२ मध्ये सुरू झालं. ‘भारत के वीर’ हे त्याहून वेगळं. ते सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी आहे. दोन्हीकडे द्या, पण कुठे देताय हे माहीत असू द्या. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो.

‘सैन्याला शस्त्रं घ्यायला सरकारनं अमुक बँकेत खातं उघडलंय, रोज एक रुपया टाका’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. सरकारनं तो खोटा असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शस्त्रं अर्थसंकल्पातून घेतली जातात.

मोबाईलवर काय टाकू नये?

लोंढा-मिरज मार्गावरून लष्करी गाडी गेली, तिचा व्हिडिओ काढू नका. भावाचं युनिट कुठे आहे, तो रजेवरून कधी आणि कोणत्या गाडीनं निघाला, हे फोटोखाली लिहू नका. २६ एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं वाहिन्यांना लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. आपल्या हातातला फोनही एक वाहिनीच आहे.

अफवेचा चटका आपल्याच जिल्ह्याला बसला. कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर देशाला ऑपरेशन सिंदूरची माहिती देत होत्या, त्या गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरच्या सून. त्यांच्या घरावर हल्ला झाला, असा मजकूर दूर कुठून तरी पसरवला गेला. बेळगाव पोलिसांनी तो धडधडीत खोटा असल्याचं जाहीर केलं. तोवर मात्र तो लाखोंनी पाहिला होता. कोन्नूर माहीत असलेल्यांनी तरी पुढे पाठवण्याआधी तिथल्या एखाद्या पाहुण्याला फोन करून विचारायला हवं होतं.

अग्निपथ आल्यापासून गावाचं मत बदललंय का?

बदललंय. फौजेचा मान कमी झालेला नाही, पण नोकरीबद्दलचा हिशेब बदलला. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. वय तेव्हा साडेसतरा ते एकवीस ठेवलं होतं, नोकरी चार वर्षं, पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातला ३० टक्के वाटा सेवानिधीत जातो, तेवढाच सरकार घालतं आणि बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख मिळतात. चारातल्या एकाला पुढे ठेवतात. उरलेल्या तिघांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेत मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आहे.

जुन्या पद्धतीत पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन आलेला माणूस घर बांधायचा, धाकट्याला शिकवायचा. मुलीकडचे ‘मुलगा मिलिटरीत आहे’ एवढ्यावर हो म्हणायचे. आता ‘चार वर्षांनी काय?’ हा प्रश्न बैठकीतच येतो, आणि तो गैर नाही. माझं मत विचाराल तर, एकाच मोर्चात, एकाच धोक्यात उभ्या असलेल्या दोन जवानांच्या घरच्यांना दोन वेगळे न्याय नकोत. ही तक्रार आहे आणि ती योग्य जागी, लोकप्रतिनिधींकडे, मांडत राहायला हवी.

मुलीही जातात का?

जातात. लष्करी पोलिसांत जवान म्हणून पहिल्या ८३ मुलींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूत बाहेर पडली. हवाई दलाच्या अग्निवीर मुली सांबऱ्यालाच शिकून गेल्या.

मुलाला जायचं नाही, वडील म्हणतात आमच्या घराण्यात तीन पिढ्या फौजी आहेत. काय करावं?

हा प्रश्न सक्तीच्या कायद्याइतकाच सक्तीचा आहे. आपल्याकडे सरकार जबरदस्ती करत नाही, घर करतं. कर्ज काढून ॲकॅडमीत घातलेला मुलगा बापाला ‘मला नको’ म्हणू शकत नाही. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांत सगळीच आनंदानं पळत नसतात. काही जण सोळाशे मीटरमध्ये मुद्दाम मागं राहतात, आणि घरी येऊन शिव्या खातात.

काका, दादा, तुम्ही स्वतः नोकरी करून आला असाल तर तुम्हाला हे जास्त कळतं. प्रशिक्षणात मनानं खचलेला रंगरूट कसा दिसतो ते तुम्ही पाहिलंय. मुलाला एकटं बसवून विचारा, आईला समोर ठेवू नका. नको म्हणाला तर तो भित्रा ठरत नाही. आयटीआय करेल, गाडी चालवेल, शेत बघेल. आणि पुढे कधी मनानंच तयार झाला तर प्रादेशिक सेनेत बेचाळीस वर्षांपर्यंत अधिकारी म्हणूनही जाता येतं.

शहीद जवानाच्या घरी गेल्यावर काय बोलावं?

पहिल्या दिवशी फार काही नको. घोषणा अंत्ययात्रेत द्याव्यात, उंबऱ्याच्या आत नाही. वीरपत्नीला ‘रडू नकोस, अभिमान बाळग’ असं सांगू नये. तिला रडू द्यावं. तेराव्यानंतर गर्दी ओसरते आणि खरं काम तेव्हाच सुरू होतं. बँकेत, तहसीलदार कचेरीत, सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जाणारं कुणीतरी लागतं. पैसे जमा झाले की दीर, भाऊ, सासरे सगळेच हक्क सांगायला येतात. तिच्या खात्यातल्या पैशांवर तिचीच सही चालेल, हे गावातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवावं.

आम्ही मराठी, मग भरतीला कोल्हापूरला गेलो तर चालेल का? आणि मदत कुठलं राज्य देतं?

भरती कार्यालय भाषेवरून ठरत नाही, रहिवासावरून ठरतं. बेळगाव जिल्ह्यातल्या मुलानं बेळगावच्या लष्करी भरती कार्यालयातूनच अर्ज करायचा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा इथे परिणाम नाही. केंद्राकडून मिळणारी रक्कम सगळ्या राज्यांत सारखीच असते. राज्याची मदत कर्नाटकाकडून, तीही रहिवासाच्या आधारे. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदानी चाचणी असा क्रम आहे. कुणी पास करून देतो म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, आणि जातीचा, रहिवासाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) भरतीच्या जाहिरातीआधीच काढून ठेवा. ऐन वेळी तिथे सर्व्हर बंद असतो.